एकशेचाळीस टक्के

१

डोलकाठी मोडली होती लाकडात, आणि गुन्हा लिहिला गेला होता जोडाच्या सरसाच्या नावावर. हे कळायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्या मिनिटात डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

इन्स्पेक्टरने मोडलेल्या काठीचे दोन तुकडे ताडपत्रीत गुंडाळून माझ्या लाकूड तपासणीच्या प्रयोगशाळेत आणले होते. पाठोपाठ एक छापील कागद माझ्यासमोर सरकवला.

"औपचारिकता आहे, मॅडम. जोड सुटल्यामुळे काठी मोडली, एवढ्याखाली सही हवी. काठी बनवणारा मिस्त्री आत आहेच. शुक्रवारी कागद पुढे पाठवायचेत."

"जोड सुटला हे कोणी सांगितलं?"

"कंपनीचं पत्र आहे. मालकांच्या मुलीच्या सहीचं."

मालक म्हणजे कोण ते विचारावं लागलं नाही. तीन दिवस सगळ्या गावाच्या तोंडी तेच होतं. लाकडाच्या तीन गिरण्यांचे मालक, वय बासष्ट, अकरा वेळा शिडाच्या होड्यांची शर्यत जिंकलेले, या वर्षीच्या शर्यतीत दुसऱ्या बोयाला, म्हणजे पाण्यातल्या तरंगत्या खुणेला, वळसा घालताना काठी कोसळून डोक्यात बसली आणि मदतीची लाँच पोचेपर्यंत बुडाले. होडीत जोडीला होते ते मास्तर, खांदा निखळून का होईना, वाचले.

मी तुकडा दिव्याखाली धरला. शर्यतीची काठी चार लांब फळ्या सरसाने जोडून करतात, आतून पोकळ. हा जोड टोकापासून टोकापर्यंत शाबूत होता. त्यात सुरीचं पातंही शिरेना. लाकूड मात्र आडवं तुटलं होतं. चांगलं लाकूड मोडताना तंतू ओढत, लांब सुळके काढत मोडतं. हे मुळा मोडावा तसं मोडलं होतं. कट्कन, सपाट.

असं मोडलेलं लाकूड मी आठ महिन्यांपूर्वी याच टेबलावर पाहिलं होतं. तेही याच मालकांचं.

त्या वेळी ते स्वतः आले होते, भट्टीतल्या लाकडाच्या चोवीस पट्ट्या आणि कच्च्या ओंडक्याचा एक ओला तुकडा काखेत मारून. त्यांच्या लाकडाचं छप्पर असलेल्या एका वाचनालयात तुळई मोडली होती. खाली झाडणारी बाई कंबरेपासून कायमची अधू झाली. टेबलावर पट्ट्या मांडून ते म्हणाले, "बाई, मी पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या वखारीत ओंडके मोजायला लागलो. तळ्यात तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून पळत मोजायचे. पाण्यावर तोल सांभाळायला तिथेच शिकलो, शीड नंतर आलं. लाकूड माझ्या हाताला कळतं. ही नवी भट्टी हाताला पटत नाही. तुम्ही काय असेल ते लिहा. मला गोड लागेल असं नको."

मी गोड लिहिलं नाही. भट्टी लाकडाला सुकवत नव्हती, शिजवत होती. ताकद अडतीस टक्क्यांनी घटली होती. भट्टी बंद करा आणि गेलेला माल परत मागवा, असं स्पष्ट लिहून त्यांच्या नावाने पाठवलं. उत्तर आलं नाही. भट्टी चालूच राहिली. हाही त्यातलाच निघाला, असं म्हणून मी त्या माणसाला आठ महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"माझा अहवाल कंपनीत असेल," मी इन्स्पेक्टरला सांगितलं. "तो आणा. मग सहीचं बघू."

त्याने तिथूनच फोन लावला. ऐकलं, ठेवला, आणि माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

"मॅडम, त्या म्हणतात, तुमच्याकडून असा काही अहवाल कधी आलाच नाही."

२

मिस्त्री एकाहत्तर वर्षांचे. कोठडीतल्या बाकावर ताठ बसले होते. मोकळ्या हातांचं काय करावं हे न समजून त्यांनी ते गुडघ्यांवर पालथे ठेवले होते.

"मालक गेले एवढंच कळलं," ते म्हणाले. "कसे गेले ते कोणी धड सांगेना. सगळे नुसते मला विचारतात, कसं मारलंत?"

"मोडलेली काठी दाखवली तुम्हाला?"

"मला? कागद दाखवला. म्हणाले, सही येते ना? म्हटलं, येते. वाचताही येतं, म्हणून तर करत नाही."

इन्स्पेक्टर खिडकीकडे बघू लागला.

मी त्या काठीची एक पातळ चकती कापून आणली होती. मिस्त्रींनी ती उजेडात धरली, हुंगली, दाताखाली दाबली आणि थुंकले.

"भट्टीचं आहे हे. मी असल्या लाकडाला रंधा लावत नाही. माझी फळी सात वर्षं वाऱ्यावर मुरलेली. ती मालक स्वतः निवडून द्यायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. बाई, ही काठी माझी नाही."

"प्रत्येक जण हेच म्हणतो," इन्स्पेक्टर म्हणाला.

"प्रत्येक जण भिंतीवर पुरावा टांगून ठेवतो का?" मिस्त्री उसळले. "जा माझ्या घरी. म्हातारी कुलूप उघडेल."

त्यांची सवय अशी: काठी पुरी झाली की बुडख्याकडचा चार बोटं तुकडा कापायचा, त्यावर शिडाचा क्रमांक आणि तारीख घालायची आणि कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा. तीस वर्षांच्या एकतीस काठ्या तिथे ओळीने होत्या. म्हातारीने एकतिसावा तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि इन्स्पेक्टरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "जपून हं बाई. यांच्याकडे वस्तू गेली की माणूससुद्धा परत येत नाही."

तारीख गेल्या वर्षीची, क्रमांक मालकांच्या होडीचा. मी भिंग लावलं. झाड दर वर्षी एक वलय वाढवतं. डोंगरावर सावकाश वाढलेल्या झाडाची वलयं दाट असतात. मिस्त्रींच्या तुकड्यात बोटभर रुंदीत एकवीस वलयं होती. मोडलेल्या काठीत नऊ. चारही फळ्या मोजल्या. नऊ, नऊ, दहा, नऊ.

"मिस्त्री खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले. "कोणीतरी काठी बदलली."

इन्स्पेक्टरने टोपी काढून डोकं खाजवलं. "पण मग यांची काठी गेली कुठे? अकरा मीटरची वस्तू खिशात घालून नेता येत नाही."

३

गिरणीच्या कचेरीत खिडकीबाहेर करवतीचा आवाज अखंड चालू होता. मालकांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर शिडांचे फोटो. प्रत्येक फोटोत ते कुठेतरी वर बघत होते. खुर्चीत त्यांची मुलगी बसली होती. गिरणीत लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. डोळे रडून सुजले होते आणि ते रडणं खरं होतं. हे मी मुद्दाम नोंदवते आहे.

"अहवाल आलाच नाही," ताई म्हणाली. "टपाल आधी माझ्या टेबलावर येतं. आला असता तर मला दिसला असता."

"आणि काठी मिस्त्रींचीच, हे तुम्ही कशावरून लिहिलंत?"

"दुसऱ्या कोणाची असणार? बाबा तीस वर्षं त्यांच्याशिवाय कोणाला हात लावू देत नव्हते. म्हातारे झालेत, हात चुकला असेल. माझा राग नाही त्यांच्यावर."

"ते कोठडीत आहेत."

"मग मी काय करू?"

तेवढ्यात तिने बोलावलेला भट्टीवाला आला. धिप्पाड, भुवया जळून विरळ झालेल्या, हसतमुख. नव्या भट्टीचं नाव काढताच खुलला.

"मॅडम, जुन्या भट्टीत महिना जायचा. आता बघा, एकशेचाळीसचा ओंडका आत टाकतो, नवव्या दिवशी बारावर आणून देतो!"

"पाहुण्यांसमोर तरी नीट आकडे सांगत जा," ताईने त्याला मध्येच तोडलं. "किती वेळा सांगितलं."

तो ओशाळला. "सवय, ताई. आम्ही आपले जुने लाकूडवाले."

"मी बारा वर्षं कागदाच्या गिरणीत काढली," ताई मला म्हणाली. "लगदा, वाफ, दाब, सगळं काट्यावर. इथे आले तर सगळा कारभार हाताच्या अंदाजावर. बाबा फळीवर टकटक करायचे आणि म्हणायचे, ही बोलते, ही मुकी आहे. अशाने गिरणी चालते? भट्टी मी आणली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं होतं."

भट्टीवाल्याला बाहेर गाठून मी विचारलं, "या लाकडाची एखादी लांब काठी इथे कोणी करून घेतली का?"

त्याचं हसू मावळलं. त्याने कचेरीच्या खिडकीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"मालकांनीच. शर्यतीआधी दोन आठवडे. आमच्याच सुतारांकडून, मागच्या शेडमध्ये. म्हणाले, मिस्त्रींच्या कानावर जाऊ देऊ नका."

४

होडीघर धक्क्याला लागून होतं. आत डांबराचा, ओल्या दोराचा वास. मी वर पाहिलं. आढ्याच्या तुळयांवर, छपराला समांतर, जुन्या शिडात गुंडाळलेलं काहीतरी लांब निजवलेलं होतं.

खाली उतरवून कापड सोडलं. डोलकाठी. बुडख्याला चार बोटांचा तुकडा कापल्याची ताजी खूण. एकतिसावा तुकडा मी तिथे लावून पाहिला. वलयाला वलय जुळलं.

"लपवली होती," इन्स्पेक्टर म्हणाला.

"लपवणारा जाळून टाकतो. ही जपून ठेवलीय. दर हातभर अंतरावर बांधलीय, खाली मऊ कापड घातलंय. हिला पुन्हा उभं करायचं ठरवलेल्या माणसाचं काम आहे हे."

"त्याचंच आहे," मागून आवाज आला. मास्तर दारात उभे होते, हात गळ्यातल्या झोळीत. "आम्ही दोघांनी मिळून चढवली. पुढच्या आठवड्यात परत लावायची होती."

माझा तोल गेला. "मास्तर, एक म्हातारा तुमच्यासाठी तीन दिवस कोठडीत बसलाय आणि तुम्ही मूग गिळून घरात बसलात?"

"माझा दोस्त स्वतःच्या हट्टाने मेला हे कोणत्या तोंडाने सांगू? त्याची मुलगी पाया पडली. म्हणाली, बाबांचं हसं होईल."

"आणि मिस्त्रींचं काय होईल ते विचारलंत?"

होडीतून वाचवून आणलेली हिरवी पेटी मास्तरांनी पायानेच पुढे सरकवली. "त्याची आहे. वरच्या खणात बघा. त्याने मला तो कागद दहा वेळा तरी वाचून दाखवला असेल."

मेणकापडाच्या घडीत एक अहवाल होता. माझ्या प्रयोगशाळेचा, माझ्या क्रमांकाचा, खाली माझी सही. चोवीस पट्ट्या तपासल्या. ताकद उत्तम. भट्टीत दोष नाही.

सही माझ्यासारखी होती, माझी नव्हती.

"तो रोज म्हणायचा," मास्तर सांगत होते, "बाईंचा कागद सांगतो लाकूड चांगलं आहे आणि माझा हात सांगतो वाईट आहे. आयुष्यभर हाताचं ऐकलं, आता म्हातारपणी पोरीचं यंत्र बघून जळतोय की काय मी? म्हणायचा, कागदावर ओंडकेसुद्धा केवढे कोरडे दाखवलेत, मी हात लावला तेव्हा तर ठिबकत होते! मी म्हटलं, बाईंना फोन कर. तर म्हणे, त्या खरं लिहिणाऱ्या आहेत, त्यांच्या सहीवर शंका कशी घेऊ? शेवटी एक दिवस म्हणाला, ज्या लाकडाखाली मी लोकांना बसवतो त्याच्याखाली मी बसून बघतो. कागद खरा की हात खरा, वाऱ्यालाच विचारू."

मी अहवालाचं दुसरं पान उलटलं आणि पाण्याचा तक्ता पाहिला. कच्चा ओंडका: अठ्ठावन्न पूर्णांक तीन टक्के. भट्टीनंतर: दहा पूर्णांक सात.

"इन्स्पेक्टर," मी म्हणाले, "हा कागद कोणी बनवला ते यातच लिहिलेलं आहे."

५

ताईच्या टेबलावर मी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले: पेटीतला, आणि माझ्या कपाटातली मूळ अहवालाची प्रत. भट्टीवाला दाराशी उभा होता.

"टपाल तुमच्या टेबलावर येतं, त्यामुळे संशय तुमच्यावर होताच," मी म्हणाले. "पण संशय मिस्त्रींवरही होता. म्हणून आकड्यांकडे बघू. मी लिहिलं होतं, कच्च्या ओंडक्यात एकशेचाळीस टक्के पाणी. इन्स्पेक्टर, तुम्हाला विचित्र वाटतं ना?"

"शंभराच्या वर पाणी? मग लाकूड कुठे गेलं?"

"लाकूडवाले पाण्याचं वजन कोरड्या लाकडाशी ताडून बघतात. शंभर किलो कोरडं लाकूड, त्यात एकशेचाळीस किलो पाणी. झाले एकशेचाळीस टक्के. हा भट्टीवाला असंच मोजतो, मालक असंच मोजायचे, मी असंच मोजते. कागदाच्या गिरणीत मात्र पाणी एकूण ओल्या वजनाशी ताडतात. दोनशेचाळीस किलोत एकशेचाळीस. किती होतात?"

इन्स्पेक्टरने फोनवर हिशेब केला. "अठ्ठावन्न पूर्णांक तीन."

"आता भट्टीनंतरचे माझे बारा टक्के. एकशेबारात बारा."

"दहा पूर्णांक सात."

"एक आकडा चुकून बदलू शकतो. एकाच रीतीने दोन चुकत नाहीत. भट्टीवाल्याने बनावट केली असती तर ताकदीचे आकडे बदलून एकशेचाळीस तसाच ठेवला असता. त्याला त्यात वावगं काही दिसलंच नसतं. मास्तरांना त्यातलं काहीच कळत नाही. या गिरणीत कागदाच्या हिशेबाने पाणी मोजणारं माणूस एकच आहे."

बाहेर करवत थांबली होती.

"मला ती उलटी पद्धत कधी पटलीच नाही," ताई हळूच म्हणाली. "या टेबलावरून जाणारा प्रत्येक आकडा मी नीट करून घेते. हात आपोआप चालतो." मग तिने मान वर केली. "मी आकडे बदलले. काठी त्यांनी बदलली. मी त्यांना जा म्हणाले नव्हते."

"त्यांनी कोणत्या लाकडाची काठी केली ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"शर्यतीच्या सकाळी तुम्ही कुठे होता?"

"धक्क्यावर. वारा वाढत होता. बाबांनी हात हलवला. मी पण हलवला. मला वाटलं, एवढ्याने मोडणार नाही. मोडली नसती तर सगळं निभावून गेलं असतं. भट्टी राहिली असती, आणि बाबा म्हणाले असते, पोरी, तुझं बरोबर होतं."

"अडतीस टक्के," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "तुम्ही वाचलं होतं. साध्या भाषेत लिहिलं होतं मी. एक वाक्य बोलला असतात, बाबा, तो कागद खोटा आहे, तर एक माणूस जिवंत असता आणि एक घरी असता. तेवढं वाक्य जड झालं, आणि मिस्त्रींवर खापर फोडणारं पत्र मात्र एका दिवसात लिहून झालं."

ती रडू लागली. मला दया आली नाही. यायला हवी होती की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

"रडणं नंतर," मी म्हणाले. "आठ महिन्यांत हे लाकूड कुठे कुठे गेलं त्याची यादी द्या."

यादी भट्टीवाल्याने काढून दिली. त्रेचाळीस छपरं. पहिल्याच ओळीत एका शाळेचं सभागृह होतं.

६

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी सुटले. घरी न जाता सरळ प्रयोगशाळेत आले. मला वाटलं, आभार मानायला. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"इन्स्पेक्टरने सगळं सांगितलं," ते म्हणाले. "एक विचारायचंय. लाकूड वाईट आहे हे तुम्हाला आठ महिने माहीत होतं?"

"हो. मी लिहून पाठवलं होतं."

"उत्तर आलं नाही."

"नाही."

"मग एक फोन नाही केलात?"

मी तोंड उघडलं. माझं काम तपासण्याचं, कळवण्याचं, पुढचं मालकाच्या हातात. अशी वाक्यं तयार होती. मालकांनी मला फोन केला नाही, कारण त्यांना मी खरी वाटत होते. मी त्यांना केला नाही, कारण मला ते लबाड वाटत होते. हे त्या म्हाताऱ्याला सांगून काय उपयोग होता?

"नाही केला," मी म्हणाले.

टेबलावर मोडलेल्या काठीचा बुडखा पडला होता. मिस्त्रींनी भिंतीवरची करवत काढली, चार बोटं मापली आणि तुकडा कापला. मग पेन्सिल मागून घेऊन त्यावर शिडाचा क्रमांक आणि मालक गेले ती तारीख घातली.

"माझ्या भिंतीवर नाही लावणार मी हा," ते म्हणाले. "माझा नाही." तुकडा त्यांनी माझ्या टेलिफोनशेजारी ठेवला. "इथे राहू दे. तुमच्या समोर."

ते गेल्यावर मी यादी ओढली. पहिली ओळ. शाळा भरायला अर्धा तास होता. मी नंबर फिरवला आणि पलीकडून कोणी उचलेपर्यंत त्या तुकड्यावरची वलयं मोजत राहिले.